लायपोसोमल किमो खरंच गाठीत जाऊन काम करते का, आणि जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे की आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, तो हाडांपर्यंत पसरलाय, वय जास्त आहे, टू-डी इकोमध्ये हृदयाचं पंपिंग जरा कमी आलंय, म्हणून डॉक्टरांनी साध्या डॉक्सोरुबिसिनऐवजी पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन सांगितलंय. मामा म्हणतायत की हे नॅनो-बिनो सगळं कंपन्यांचं मार्केटिंग, औषध तेच आणि पैसे कितीतरी पट. आणि युट्यूबवर बघितलं तर नॅनो औषध म्हणजे क्षेपणास्त्र, थेट कॅन्सरच्या पेशीत घुसतं आणि तिथेच फुटतं. मग खरं काय?

मामा पण चूक आणि युट्यूब पण चूक. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, माझं सगळं काम इंजेक्शनच्या फॉर्म्युलेशनचं, त्यातही बरंचसं लायपोसोमच्या लाइनवर, त्यामुळे बाटलीत काय आहे आणि ते शरीरात गेल्यावर काय होतं यावर मी बोलू शकतो, आईला काय द्यायचं ते तुमचे ऑन्कोलॉजिस्टच ठरवणार.

तर लायपोसोम म्हणजे काय, चरबीच्या रेणूंची दुहेरी भिंत असलेला बारीकसा गोळा, आत पाणी आणि त्या पाण्यात औषध. हे १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवलं, ते रक्त आणि पेशींच्या पडद्याचा अभ्यास करत होते, औषधं वगैरे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. तुमच्या आईच्या औषधातला गोळा साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा असतो, तांबडी रक्तपेशी ७००० नॅनोमीटरच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा.

आता हा गोळा औषधाने भरायचा कसा हीच खरी मेख होती. नुसतं औषधाच्या पाण्यात चरबी घुसळली तर औषध आत जातं थोडं आणि बाहेर राहतं जास्त, आणि जे आत गेलं ते पण रक्तात गेल्यागेल्या गळायला लागतं. जेरुसलेममध्ये बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन या दोघांच्या टीमने यावर जो उपाय काढला तो मला आजही भारी वाटतो. त्यांनी आधी गोळ्यांच्या आत अमोनियम सल्फेट भरलं, बाहेरचं धुऊन काढलं आणि मग बाहेरून डॉक्सोरुबिसिन सोडलं. भार नसलेला डॉक्सोरुबिसिनचा रेणू भिंतीतून आरामात आत जातो, आत गेला की त्याच्यावर भार येतो, सल्फेटबरोबर त्याचा गोठल्यासारखा स्फटिक होतो आणि आता त्याला बाहेर पडता येत नाही, उंदराच्या पिंजऱ्यासारखं, आत शिरायला दार आहे परतायला नाही. ९० टक्क्यांच्या वर औषध असं आत अडकतं, एकेका गोळ्यात दहा-पंधरा हजार रेणू. मग गोळ्याच्या अंगावर पेग नावाच्या पॉलिमरचे केस लावले, म्हणजे लिव्हर आणि प्लीहेतल्या कचरा गोळा करणाऱ्या पेशींना तो पटकन पकडता येत नाही. साधं डॉक्सोरुबिसिन शिरेत दिलं की काही मिनिटांतच रक्तातून निघून सगळ्या अवयवांत पसरतं, हे गोळे दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतात. १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सिल या नावाने त्याला परवानगी मिळाली, पहिलं नॅनो औषध म्हणून सहसा याचंच नाव घेतात.

मग तो गोळा गाठीत जातो का? जातो, पण कोणी त्याला पत्ता दिलेला नसतो. १९८६ मध्ये जपानमधल्या कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतीत फटी असतात, मोठे रेणू तिथून पाझरतात आणि निचरा नीट नसल्यामुळे तिथेच साचून राहतात. तीस वर्षं सगळं नॅनोमेडिसिन या एका कल्पनेवर चाललं, प्रत्येक प्रेझेंटेशनच्या पहिल्या दोन स्लाइड याच्याच. उंदरांमध्ये हे झकास दिसतं कारण उंदराची गाठ त्याच्या अंगाच्या मानाने प्रचंड असते आणि भराभर वाढते. माणसात कुणाच्या गाठीत फटी असतात, कुणाच्या नसतात, एकाच बाईच्या दोन गाठींत फरक असतो. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून हिशेब मांडला तेव्हा मधला आकडा निघाला ०.७ टक्के, म्हणजे टोचलेल्या नॅनोकणांपैकी शंभरात एक पण गाठीत पोचत नाही, बहुतेक लिव्हर आणि प्लीहेत जातात. त्या पेपरवर आमच्या क्षेत्रात बरीच वादावादी झाली, कारण साध्या औषधाचा हिशेब मांडला तर तो पण काही फार वर जात नाही, पण क्षेपणास्त्राची हवा मात्र गेली ती गेलीच. गोळ्यावर अँटिबॉडी लावून खरोखरचा पत्ता द्यायचे प्रयत्न पण झालेत, हर-टू वाल्या, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रोटीन जास्त असलेल्या, ब्रेस्ट कॅन्सरसाठी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचंच असं एक रूप एमएम-३०२ नावाने मोठ्या ट्रायलपर्यंत गेलं आणि २०१६ च्या शेवटी फायदा दिसेना म्हणून ट्रायल बंद केली.

मग पैसे कशाचे? औषध कुठे जात नाही, त्याचे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं उलगडतं. डॉक्सोरुबिसिनचा सगळ्यात मोठा दोष हृदयाचा, आयुष्यभराचा एकूण डोस अंगाच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला ४५०-५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की हार्ट फेल्युअरचा धोका चढत जातो, आणि आधीच पंपिंग कमी असेल तर डॉक्टर त्याच्या बऱ्याच अलीकडेच थांबतात. हृदयाच्या स्नायूतल्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, साधा रेणू तिथून सहज आत जातो पण १०० नॅनोमीटरचा गोळा जाऊ शकत नाही. बस, एवढंच आहे. पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये या दोन औषधांची समोरासमोर तुलना २००४ मध्ये छापून आली, ५०९ बायका होत्या, आजार आटोक्यात राहण्याचा काळ लायपोसोमलमध्ये ६.९ महिने आणि साध्यात ७.८, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबाने सारखाच. कॅन्सरवर जास्त असर नाही हे नीट वाचा, मामांना पण वाचून दाखवा. पण हृदयाला इजा होण्याचा धोका साध्या औषधात तिपटीहून जास्त निघाला. केस गळणं साध्यात ६६ टक्के, लायपोसोमलमध्ये २०. म्हणजे ज्या बाईचं हृदय ठणठणीत आहे आणि थोडेच डोस द्यायचेत तिला हे महागडं रूप कशाला हा प्रश्न योग्यच आहे, पण तुमच्या आईचा इको बघून डॉक्टरांनी हे सांगितलं असेल तर त्यात मला मार्केटिंग दिसत नाही, उलट ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हे औषध खास करून अशाच पेशंटच्या कामाचं.

फुकट काही मिळत नाही, गोळा दोन-तीन दिवस रक्तात फिरतो तर तो कुठेतरी झिरपणारच. तळहात आणि तळपायाच्या बारीक वाहिन्यांवर सतत दाब आणि घर्षण असतं, तिथे तो झिरपतो आणि मग तळवे लाल होणं, झोंबणं, सूज, साल निघणं, याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. त्याच ट्रायलमध्ये हे लायपोसोमल वाल्या ४८ टक्के बायकांना झालं आणि साध्या वाल्या फक्त २ टक्क्यांना. हृदयाचा त्रास हातापायावर आला असं म्हणा हवं तर. हे आधी माहीत असलं तर माणूस घाबरत नाही, म्हणून सांगतोय.

आता मामांचा 'औषध तेच' हा मुद्दा, तो मला कॅन्सरपेक्षा अ‍ॅम्फोटेरिसिनच्या उदाहरणातून सांगणं सोपं पडेल, कारण २०२१ चा मे महिना महाराष्ट्रात कोणी विसरलेलं नाही. कोविडनंतर म्युकरमायकोसिस, ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते, त्याचे पेशंट देशात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये होते, आणि चिठ्ठी घेऊन नातेवाईक रात्री-अपरात्री मेडिकल पालथी घालत होते. चिठ्ठीवर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी. हे औषध मुळात जुनं, १९५० च्या दशकातलं, व्हेनेझुएलाच्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून काढलेलं. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल असतं त्याला हे चिकटतं आणि पडदा फोडतं, पण आपल्या पेशीतल्या कोलेस्टेरॉलला पण थोडं चिकटतं आणि त्यात किडनीचं वाटोळं होतं, शिवाय इंजेक्शन चालू असतानाच हुडहुडी भरून ताप. साध्या रूपाचा डोस दिवसाला किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास, त्याच्या वर किडनी झेपत नाही. लायपोसोमल रूपात औषध गोळ्याच्या भिंतीत रुतून बसतं, किडनीकडे कमी जातं, म्हणून म्युकरमध्ये किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि कधी १० पर्यंत देता येतं. इथे पण गंमत तीच, नॅनोमुळे औषध जास्त हुशार झालं नाही, किडनी वाचली म्हणून डोस वाढवता आला. ६० किलोच्या माणसाला ५ च्या हिशेबाने ३०० मिलिग्रॅम, एका वायलमध्ये ५०, म्हणजे रोज ६ वायल, आणि असं कित्येक आठवडे. तुटवडा का पडला ते या गुणाकारातच आहे.

लोक तेव्हा विचारायचे की कंपन्या रातोरात उत्पादन का वाढवत नाहीत. अहो नाही वाढवता येत. हायड्रोजनेटेड सोया फॉस्फॅटिडिलकोलिन, कोलेस्टेरॉल आणि आणखी एक सिंथेटिक लिपिड, म्हणजे गोळ्याच्या भिंतीतले चरबीचे रेणू, हे इंजेक्शनच्या दर्जाचे बनवणारे जगात मोजके. मग ६० अंशांच्या वर गरम करून गोळे बनवायचे, दाबाने बारीक छिद्रांतून ढकलून सगळे एका मापाचे करायचे, निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालची गरम वाफ, चालत नाही कारण गोळे फुटतात, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनच काढायचं, जरा मोठे कण राहिले की फिल्टर चोक होतो आणि अख्खी बॅच डोळ्यादेखत जाते. त्यानंतर फ्रीज-ड्रायिंग, त्यानंतर स्टरिलिटी टेस्टचे चौदा दिवस, ते काही मंत्र्यांच्या फोनने कमी होत नाहीत.

त्याच काळात वर्ध्यातल्या एका कंपनीने अ‍ॅम्फोटेरिसिनचं इमल्शन इंजेक्शन बनवायला घेतलं, बातम्यांमध्ये १२०० रुपयांना वायल असं आलं होतं, बाजारात तेव्हा ७००० सांगत होते. चांगलंच झालं, पण इमल्शन म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब, लायपोसोम नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र सगळं एकच. बाजारात साधं, लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स आणि इमल्शन अशी चार रूपं, चौघांचं नाव अ‍ॅम्फोटेरिसिन बी, आणि डोस वेगळे. ही नुसती थिअरी नाही, साध्या रूपाच्या लेबलवर चौकटीत इशारा असतो की डोस किलोमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर जात असेल तर थांबा आणि नाव परत तपासा, कारण लायपोसोमलच्या हिशेबाचा मोठा डोस चुकून साध्या रूपात दिला तर हृदय बंद पडू शकतं. औषध तेच म्हणणाऱ्याला हे सांगा.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण फार कमी लोकांना माहितीये. भारतातलं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये वाढलं. डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. बच्छावत यांच्याबरोबर, ते लॅबपासून पेशंटपर्यंत नेलं, पुढे ते फंगिसोम नावाने बाजारात आलं. महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये, त्या गर्दीत, हे काम झालंय. आणि त्याची तऱ्हा पण वेगळी, परदेशी अ‍ॅम्बिसोम पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या पाण्यात, मिसळायचं, सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, लागलं की गोळे एकमेकांना चिकटून गाळ होतो, तर फंगिसोम मुळातच सलाइनमधलं आणि देण्याआधी ते अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवून हलवायचं. डोसही त्याचा कमी. दोन्ही लायपोसोमल, दोन्ही अ‍ॅम्फोटेरिसिन, आणि एकाची सवय दुसऱ्याला लावली तर घोळ.

डॉक्सोरुबिसिनचं पण तसंच आहे. पेग लावलेलं आणि पेग न लावलेलं अशी दोन लायपोसोमल रूपं जगात आहेत, डोस आणि वेळापत्रक दोन्हीचं वेगळं. पण म्हणून जेनेरिक वाईट असं नाही हं. २०११ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या ज्या कारखान्यात डॉक्सिल बनायचं तिथलं उत्पादन बंद पडलं, पेशंट वेटिंग लिस्टवर, तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला मुभा दिली, आणि पुढच्याच वर्षी सनच्या जेनेरिकला रीतसर मंजुरी पण दिली. तेव्हा भारतीय ब्रँड म्हटलं की नाक मुरडायचं काही कारण नाही, फक्त मध्येच ब्रँड बदलला तर डॉक्टरांना माहीत असू दे, केमिस्टने परस्पर बदलून द्यायचं हे औषध नाही. नॅनो औषधांच्या जेनेरिकसाठी नुसतं रसायन सारखं असून भागत नाही, कणांचं माप, आतला स्फटिक, किती वेगाने गळतं हे सगळं जुळवून दाखवावं लागतं, आपल्याकडे पण नॅनोफार्मास्युटिकल्सची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून आहेत.

पुढेमागे आईला पॅक्लिटॅक्सेल सांगितलं तर तिथे पण नॅनो शब्द कानावर येईल म्हणून दोन ओळी. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही म्हणून साध्या इंजेक्शनमध्ये क्रेमोफोर नावाचं तेलकट द्रावक घालतात, अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन बरीचशी त्या द्रावकाचीच, म्हणून आधी स्टेरॉइड वगैरे देऊन तीन तास लावायचं. २००५ मध्ये आलेल्या अ‍ॅब्राक्सेनमध्ये द्रावकच काढून टाकलं, औषध अल्ब्युमिन या आपल्या रक्तातल्याच प्रोटीनला बांधून १३० नॅनोमीटरचे कण केले, अर्ध्या तासात देता येतं आणि डोस पण जास्त देता येतो. हातापायाला मुंग्या येणं मात्र त्यातही आहे, आणि बरंच आहे.

आणि लिव्हर सगळं पकडतं हा दोष म्हणता म्हणता काही लोकांनी त्याचाच फायदा करून घेतला. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरान हे औषध लिव्हरमध्ये बनणाऱ्याच एका बिघडलेल्या प्रोटीनसाठी आहे, लिपिड नॅनोकण लिव्हरमध्ये जातात तर जाऊ दे, काम तिथेच आहे. त्याच घराण्यातले कण पुढे कोविडच्या एमआरएनए लशीत आले. पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक, जिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती साध्या फ्रीजच्या तापमानाला राहते, उणे सत्तरची भानगड नाही.

मामांना ज्याचा राग यायला हवा ते वेगळंच आहे, नॅनो हळद, नॅनो सुवर्ण, नॅनो कोलॅजन, ऑनलाइन दोन हजाराची बाटली. त्यांना विचारा कणाचं माप किती, रक्तात किती जातं, कुठल्या ट्रायलमध्ये कुणाशी तुलना केली. उत्तर येणार नाही. किमो चालू असताना असलं काही घरच्यांच्या आग्रहाने चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, काही पदार्थ लिव्हरमधली औषधांची मोडतोड बदलतात.

आता आईचं. पहिल्या इंजेक्शनला बाटली फार हळू सोडतात, साधारण मिनिटाला एक मिलिग्रॅम, त्यावरून सिस्टरशी भांडू नका, सुरुवातीच्या मिनिटांत काही जणांना चेहरा लाल होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, कंबर दुखणं असं होतं, रोगप्रतिकार यंत्रणा त्या कणांना बघून बिथरते म्हणून. वेग कमी केला किंवा थोडा वेळ थांबवलं की बऱ्याच जणांचं निवळतं, आईला सांगून ठेवा की काही वाटलं की लगेच बोलायचं, उगाच सोसायचं नाही. डेक्स्ट्रोजमध्येच मिसळलंय ना हे विचारायला लाजू नका. औषध लालसर असतं आणि नंतर लघवी पण एखाद-दोन दिवस लालसर-केशरी होऊ शकते, ते रक्त नव्हे. बाटली तुम्हीच बाहेरून आणत असाल तर दोन ते आठ अंशांत, बर्फाला चिकटवून नाही, कारण गोठलं तर गोळे फुटू शकतात आणि मग तुम्ही महागातलं लायपोसोमल विकत घेऊन आईला थोडंफार साधंच दिल्यासारखं होतं, आणि हे नुसतं बघून बाटलीवरून कळत नाही.

घरी आल्यावर चार-पाच दिवस कडकडीत पाण्याने अंघोळ नको, गरम पाण्यात हात घालून भांडी नकोत, कणीक मळणं दुसऱ्या कोणीतरी करा, घट्ट चपला आणि लांब चालणं टाळा, तळव्यांना साधं मॉइश्चरायझर नुसतं थापायचं, चोळायचं नाही. काही ठिकाणी इंजेक्शन चालू असताना मनगटाला आणि घोट्याला थंड पॅक लावतात, तुमच्याकडे लावतात का विचारा. तळवे लाल होऊन झोंबायला लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा, पुढचा डोस लांबवून किंवा कमी करून हे सांभाळता येतं, फोड येईपर्यंत थांबलात तर मात्र ते निस्तरायला वेळ लागतो. आणि इको ठरलेल्या वेळी करत राहा, हृदयाचा धोका कमी झालाय, शून्य नाही. आधी कधी साधं डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच जातीचं एपिरुबिसिन झालं असेल तर त्या जुन्या फाइली पहिल्याच भेटीत न्या, एकूण डोसचा हिशेब तिथूनच सुरू होतो.